मानाचा टॉवेल

मी एक जुना टॉवेल आहे, मित्रांनो. जुना म्हटल्याबरोबर काहींनी नाक मुरडलं असेल, त्यांनी खुशाल मुरडावं. माझ्या वयाचे बाकीचे टॉवेल केव्हाच पायपुसणी झाले आणि गाड्या पुसू पुसू चिंध्या होऊन गेले. मी मात्र आयुष्याची ऐन वर्षं घडीत काढली. मला कुणी वापरायला उघडलं नाही, अंग पुसून ओलं केलं नाही, रोजच्या दोरीवर टाकलं नाही. कारण मी साधासुधा टॉवेल नव्हतो, मी मानाचा टॉवेल होतो.

माझा जन्म सोलापूरचा. तिथल्या मागावर धडधडाटात मी विणला गेलो. पांढरं अंग आणि दोन्ही बाजूंना लाल काठ. माझ्या दशा कापणाऱ्या बाईनं माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जा बाबा, कुणाच्या तरी घामाला उपयोगी पड." तेव्हापासून माझ्या मनानं एकच धरलं, की एखाद्या दमल्याभागल्या माणसाचं तोंड पुसायचं. टॉवेलाला दुसरी कसली हौस असणार?

पण मी पोचलो सोनईच्या एका कापडदुकानात आणि तिथून थेट लग्नसराईत. आमच्या भागातली लग्नं तुम्ही पाहिलीच असतील. नवरानवरी राहतात बाजूला, आधी माईकवर नावं पुकारतात. ज्याचं नाव पुकारलं तो सदरा झटकत उठतो. त्याच्या डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ. हा झाला मान. मग तो पाहुणा घरी जाऊन त्या टॉवेलानं अंग पुसतो म्हणता? छे! तो टॉवेल पेटीत ठेवतो आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या खांद्यावर टाकतो. असा मी फिरत राहिलो. सोनई, घोडेगाव, वांबोरी, कुठं कुठं गेलो. खांदे खूप पाहिले, घाम एकाचाही पुसला नाही.

आणि राग पाहिले. अरे देवा, काय ते राग! तुम्ही बाजारात खेळण्यासाठी जमिनीवर लोळलात तर आई पाठीत धपाटा घालते आणि म्हणते, "शहाण्यासारखं वाग, मोठा झालास आता." मित्रांनो, मोठे कसे वागतात ते मला विचारा. कपड्यांना इस्त्री असते म्हणून ते लोळत नाहीत, एवढाच फरक. एका मास्तरांना टोपी घट्ट झाली, तर त्यांनी मंडपातल्या खुर्च्या लाथाडल्या. एका गृहस्थांना माईकवर 'माजी सरपंच' म्हणून पुकारलं. ते माजीच होते, तरी त्यांनी नारळ स्टेजवर आपटून फोडला आणि न जेवता घरी गेले. ही सगळी मिशीवाली माणसं, बरं का.

पण ह्या सगळ्यांचा बादशहा एकच, सूर्यभान. सोनईच्या सहादेवच्या थोरल्या बहिणीचा, केशरबाईचा हा नवरा. म्हणजे त्या घराण्याचा थोरला जावई. ऊस होता, दोन विहिरी होत्या, पांढरी बोलेरो होती. कशाला काही कमी नव्हतं. त्याच्या रुसण्याची रीत मात्र ठरलेली. आधी तो गप्प व्हायचा. मग चष्मा काढून खिशात ठेवायचा. चष्मा खिशात गेला की जवळच्या बाया आपापली पोरं उचलून घ्यायच्या. मग हाताला येईल ते फेकायचं, तोंडाला येईल ते बोलायचं आणि शेवटी बोलेरोत जाऊन काचा वर करून बसायचं.

मग समजूत काढायला माणसं जायची. काच वाजवायची, हात जोडायची. "दाजी, चुकलं आमचं. दाजी, पदरात घ्या." दाजी समोर बघत बसलेले. इकडे मुहूर्त ताटकळायचा, भटजी घड्याळ दाखवायचे, शेवटी कुणीतरी अक्षता उरकून घ्यायचं. आणि सूर्यभान गाडीतून उतरायचा तो थेट पहिल्या पंगतीला. पोटाचा रुसवा त्याला कधी जमला नाही.

आणि केशरबाई? तिनं त्याच्याबरोबर बोलेरोत जाऊन बसायचं. नवरा रुसला आणि बायको मंडपात बसली, असं कुठं असतं का? त्यामुळे एवढ्या वर्षांत तिनं एकाही लग्नात अक्षता पडताना पाहिल्या नव्हत्या. सख्ख्या भावाच्या लग्नातही नाही. मंगलाष्टकं ती बंद काचेतून ऐकायची आणि मुठीतल्या अक्षता घरी आणून तुळशीत टाकायची. "माज्या तुळशीची किती लग्नं लागली म्हनून सांगू," असं ती हसत म्हणायची. मला ते हसू अजिबात आवडत नसे.

सूर्यभानची आणि माझी गाठ पडली ती भिमाजीच्या मुलाच्या लग्नात. भिमाजी म्हणजे सहादेवचा चुलतभाऊ. त्या दिवशी नागापूरच्या कारखान्यातल्या कुणा साहेबाचं नाव आधी पुकारलं आणि सूर्यभानचं नंतर. झालं! चष्मा खिशात गेला. "मला दुसऱ्या नंबरचा टॉवेल?" असं ओरडून त्यानं मला भिरकावलं, तो मी आचाऱ्याच्या पातेल्याजवळ सांडलेल्या आमटीत जाऊन पडलो. सगळे त्याच्या मागं धावले. माझ्याकडे वळून आली ती एकटी केशरबाई. तिनं मला पिळलं, पदराखाली घेतलं आणि मग निमूट बोलेरोत जाऊन बसली. घरी जाताना रस्ताभर सूर्यभान तिच्यावर ओरडत होता. जसं काही माईक तिच्याच हातात होता.

तिनं मला दोनदा साबण लावला, पण हळदीचा डाग कुठला जातोय! एका कोपऱ्यात तळहाताएवढा राहिलाच. "टाकायचा कशाला? चांगला हाय," असं स्वतःशीच म्हणत तिनं डाग आत जाईल अशी माझी घडी घातली आणि मला परत पेटीत ठेवलं. वरून पाहणाऱ्याला मी अगदी कोराच दिसत होतो.

केशरबाईला मूलबाळ नव्हतं. सहादेवच्या मुलीवर, सृष्टीवर तिचा सगळा जीव. बारशाला कानात 'कुर्रर्र' करून सृष्टी हे नाव तिनंच ठेवलं होतं. तेवढं एक कार्य तिला शेवटपर्यंत पाहता आलं, कारण बारशाला पुरुषांना टॉवेल देत नाहीत. ही सृष्टी मोठी झाली, शिकली, तिचं लग्न ठरलं आणि एक दिवस ती आईला, मनकर्णाला घेऊन आत्याला आमंत्रण द्यायला आली. मी पेटीतून सगळं ऐकत होतो.

"आत्या, माझ्या अक्षतेला तू समोर पाहिजेस. बोलेरोत नाही."

"अगं, ह्यांचं तुला ठाऊक हाय ना?"

"पहिला मान त्यांनाच ठेवलाय. बाबांनी माईकवाल्याला बजावून सांगितलंय. पण तू दिसली नाहीस तर मी हारच घालणार नाही, सांगून ठेवते."

"घालशील गं बाय," केशरबाई म्हणाली. मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, "म्या हुबी ऱ्हाते. तुज्यासमोर. देवाची आन."

आणि त्याच आनंदात तिनं पेटी उघडली, टॉवेलांचा गठ्ठा उचलला आणि मनकर्णाच्या ओटीत घातला. "वयनी, नुसते पडून हायेत. मानपानाला व्हतील." गठ्ठ्यात मीही होतो. तिच्या लक्षात आलं नाही आणि मला ओरडायला तोंड नाही.

लग्न मे महिन्यात, भर दुपारच्या मुहूर्ताचं. मंगल कार्यालयाबाहेर उभं राहवत नव्हतं असं ऊन. माईकवर हनुमंत होता, नावं पुकारण्यात अख्ख्या तालुक्यात पटाईत. त्यानं सुरुवातच केली, "पहिला मान, घराण्याचे थोरले जावई, सन्माननीय सूर्यभानराव!" मंडपानं सुटकेचा श्वास सोडला. सहादेवनं स्वतः गठ्ठ्यातला वरचा टॉवेल उचलून दाजींच्या खांद्यावर टाकला. तो वरचा टॉवेल मी.

सूर्यभान खुर्चीत येऊन बसला. रुसायला जागाच ठेवली नव्हती कुणी, तर माणूस बेचैन! इकडे बघ, तिकडे बघ. दुसऱ्याला दिलेला टॉवेल त्याला जरा जाड वाटला. खात्री करायला त्यानं माझी घडी उलगडली. एवढ्या मानकऱ्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला उघडलं होतं. आणि कोपऱ्यातला पिवळा डाग त्याच्या डोळ्यांसमोर आला.

चष्मा खिशात गेला.

"सहाद्या! ह्यो टॉवेल कुठनं आनला?"

"काय झालं दाजी?"

"म्या भिमाजीच्या मांडवात फेकलेला टॉवेल हाय ह्यो! आमटीचा डाग बघ. माजं टाकलेलं मलाच घालतो व्हय रं? भिकारी समजलास का मला?"

मग जे झालं ते सांगताना माझ्या दशा अजून थरथरतात. त्यानं खुर्ची उचलून आपटली. अक्षतांच्या परातीला लाथ मारली, पिवळे तांदूळ पायांखाली पसरले. सहादेवनं डोक्यावरची टोपी काढून त्याच्या पायांवर ठेवली आणि म्हणाला, "दाजी, पाया पडतो. पोरीचं लगीन हाय." सूर्यभाननं ती टोपीही लाथाडली. ती बँडवाल्यांपर्यंत गेली. कुणी ती उचलली नाही, मोबाईल मात्र पुष्कळांनी वर उचलले. वाकलेल्या सहादेवच्या टकलावर घामाचे थेंब उभे होते. मी तिथंच होतो, सूर्यभानच्या मुठीत, हातभर अंतरावर. मला ते पुसता आले नाहीत.

"सहादेवला बोलू नका," मागून आवाज आला. "त्यो टॉवेल म्या दिला."

केशरबाई पुढं आली होती.

"काय म्हनलीस?"

"म्या धुतला, म्या ठिवला, म्याच दिला. त्याचा काय बी दोष न्हाई."

सूर्यभाननं मला तिच्या तोंडावर मारलं. मित्रांनो, एखादं तोंड पुसावं म्हणून मी जन्मभर झुरलो आणि पहिल्यांदा तोंडाला लागलो तो असा, चाबकासारखा. तिचं कुंकू माझ्या अंगाला लागलं. लगेच त्यानं मला परत ओढून घेतलं. "ह्यो भावकीला दाखवनार हाय म्या. चल, गाडीत बस!"

आणि आता सगळ्यात वाईट सांगतो. लोकांना बरं वाटलं. खरंच! बाईच्या अंगावर गेलं ना, मग मिटलं. "जा अक्का, बसा गाडीत, मुहूर्त टळतोय," चार-पाच जण म्हणाले. सहादेवनंही हात जोडले. "अक्का, जा बाई. पोरीसाठी जा." ज्याच्यासाठी ती पुढं आली होती, तोच असं म्हणाला. नवरीच्या खोलीच्या दारात सृष्टी शालू नेसून उभी होती. नुसती आत्याकडे बघत राहिली.

केशरबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमी व्हा म्होरं. म्या आलेच."

सूर्यभान मला काखेत मारून बोलेरोत येऊन बसला. काचा वर केल्या. समोरच्या काचेतून कार्यालयाचं दार दिसत होतं. भिमाजी, हनुमंत आणि आणखी दोघं नेहमीप्रमाणे समजूत काढायला निघाले होते. तेवढ्यात केशरबाई दारात आडवी झाली. ती काय बोलली ते मला तेव्हा ऐकू आलं नाही. पण पुढं भिमाजी ते आल्यागेल्याला सांगायचा, म्हणून मला पाठ आहे.

"कोनी जायचं न्हाई. लई वर्सं काढली समजूत. आज बसू द्या."

"अक्का, ऊन लई हाय गं."

"गाडीला दार हाय," केशरबाई म्हणाली.

गाडीत भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. पण रुसव्याचे कायदे फार कडक असतात, मित्रांनो. इंजिन चालू करून एसी लावावा, तर निघाल्यासारखं दिसतं आणि मग खरंच निघावं लागतं. काच खाली करावी, तर बोलायला तयार आहे असं दिसतं. आणि आपणहून उतरावं? राम राम! मग रुसलं कशाला? सूर्यभान आरशात केस सारखे करत होता. माणसं आली की तोंड कुठल्या बाजूला फिरवायचं, तेही त्यानं ठरवलेलं असणार. "येतील. येत्यात का न्हाई बघ," तो मला म्हणाला. गाडीत दुसरं कुणी नव्हतंच.

भोंग्यातून मंगलाष्टकं सुरू झाली. प्रत्येक 'सावधान'ला तो दाराकडे बघायचा. दारात कुणीच नसायचं. घाम त्याच्या मिशांतून, मानेवरून, सदऱ्यातून वाहायला लागला. शेवटी त्यानं मला उचललं आणि तोंडावरून फिरवलं. आली ती घडी! मी एका माणसाचं तोंड पुसत होतो आणि ते तोंड ह्याचं होतं. घाम होता की डोळ्यांतलं पाणी होतं, मला ठरवता आलं नाही. दोन्ही खारटच.

शेवटचं 'शुभमंगल सावधान' झालं, वाजंत्री वाजली. त्याचा हात दाराच्या कडीवर गेला. कार्यालयाच्या दारातून आतलं थोडंसं दिसत होतं. पालथे-उताणे हात, उडणारे तांदूळ आणि मधे केशरबाई. दोन्ही हात वर, तोंडभर हसू. त्यानं ते पाहिलं. कडीवरचा हात काढून घेतला आणि सीटवर डोकं टेकून बसून राहिला. अजून कुणीतरी येईल अशीच त्याची समजूत असावी. जरा वेळानं तो काहीतरी बोलायला लागला, पण शब्द जड आणि वेडेवाकडे येत होते. मी त्याच्या मुठीतून घसरलो तरी त्याला कळलं नाही.

केशरबाई पहिल्या पंगतीला जेवली. मग ताट वाढून घेऊन गाडीपाशी आली. तिनं दार उघडलं, तसा तो तिच्या अंगावर कलंडला. तोंड एका बाजूला ओघळलं होतं. ताट खाली पडलं.

नगरच्या दवाखान्यात तो खूप दिवस होता. ऊन लागलं, रक्तदाब चढला, मेंदूत रक्ताची गाठ झाली, असं डॉक्टरांनी सांगितलं. जीव वाचला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. लोक काय, दोन्ही बाजूंनी बोलतात. कुणी म्हणतं, बाईनं जायला हवं होतं. कुणी म्हणतं, बाप्यानं उतरायला हवं होतं. तिला ठाऊक होतं का, असंही दबक्या आवाजात विचारतात. मी टॉवेल आहे, मला कुणाच्या पोटात शिरता येत नाही. केशरबाई फारसं बोलत नाही. कुणी खोदून खोदून विचारलंच, तर खाली बघत म्हणते, "गाडीला दार व्हतं."

तर मित्रांनो, आता मी रोज वापरात आहे. सकाळ-संध्याकाळ सूर्यभानचं तोंड पुसतो, लाळ पुसतो. मागितलं होतं तेच मिळालं, तक्रार कुणाकडे करणार? माझी तुमच्याकडे एवढीच विनंती आहे. पेटीत पडलेला टॉवेल काढा, वापरा, दमल्या माणसाच्या हातात द्या. आणि राग आला तर खुशाल येऊ द्या, पण रुसून दार लावून घ्याल, तेव्हा कडी आतूनच उघडते हे विसरू नका. बाहेरचं माणूस एक दिवस दमतं.

लग्नसराई आली की केशरबाई लवकर उठते. त्याला न्हाऊ घालते, भरवते, खाटेवर उशीला टेकवून बसवते. काही म्हणजे काही कमी करत नाही. जवळ पाणी ठेवते, खाऊची ताटली ठेवते. मग नवं लुगडं नेसते. ते पाहिलं की सूर्यभानचा चेहरा लाल होतो. डावा हात चष्म्याकडे जातो. चष्मा खिशात ठेवायला जमत नाही, तो खाली पडतो. मग तो ताटली भिरकावतो. ती आता प्लास्टिकची आणते.

ती ताटली उचलून परत जवळ ठेवते. चष्मा पुसून त्याच्या डोळ्यांवर चढवते. मला दोरीवरून काढते, झटकते, डागाचा कोपरा वर येईल असा त्याच्या खांद्यावर टाकते.

"घ्या," ती म्हणते, "पयला मान तुमचा."

आणि अक्षता गाठायला निघते.